एक्केचाळिसावी पुंगळी

त्या शनिवारी टोलोनेनांनी चाळीस गोळ्या झाडल्या आणि डब्यात रिकाम्या पुंगळ्या निघाल्या एक्केचाळीस.

म्हाताऱ्या साइमीने दोनदा मोजल्या, तिच्या लेकीने, मार्ताने एकदा मोजल्या, आणि शेवटी नात पैवीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर दहा-दहाच्या रांगाच लावल्या. चार रांगा भरल्या आणि एक उरली. दुसऱ्या कुठल्या घरात लोकांनी हसून कॉफी ओतली असती. पण या घरातली माणसं एक वेळ स्वतःचं वय चुकीचं सांगतील, पुंगळी चुकवणार नाहीत. आणि ती उरलेली पुंगळी कोणाच्या बंदुकीची हे मार्ताला हातात घेताक्षणी कळलं होतं. म्हणून तर तिने ती लगेच खाली ठेवली.

सकाळी असलं काही कोणाच्या मनातही नव्हतं. मार्ता घरामागच्या कामाच्या खोलीत पैवीच्या बंदुकीचा दस्ता कानशीने उतरवत होती. वर्षभरात पोरगी चार बोटं वाढली होती, खांदे भरले होते, आणि गेल्या हिवाळ्यात तिच्या मापाने केलेला बर्चचा दस्ता आता गालाला खालून टोचत होता.

"मान ताणू नकोस," मार्ता म्हणाली. "डोळे मीट. बंदूक खांद्याला लाव. आता उघड. पुढचं टोक कुठे दिसतंय?"

"डावीकडे सरकलंय, आत्या."

"म्हणजे लाकूड जाड राहिलं. तू नाही वाकायचंस, लाकडाने वाकायचं. आण इकडे."

"आणि चाप थोडा जड कर ना. मागच्या वेळी श्वास घेतला तरी उडत होता."

"मग श्वास घेऊ नकोस," असं म्हणत मार्ताने पेचकस उचललाच. सतरा वर्षांच्या पोरीला नाही म्हणणं तिला जमत नसे, त्यातून ही ओन्नीची. मार्ताचा धाकटा भाऊ ओन्नी दहा वर्षांपूर्वी, ऑक्टोबरच्या चौदा तारखेला, शुक्रवारी, रानकोंबडे मारायला म्हणून पॉइंट बावीसची हलकी बंदूक घेऊन गेला आणि परत आला नाही. माणूस सापडला नाही, बंदूकही नाही. एकशे दहा माणसं चार दिवस जंगल आणि दलदल तुडवत होती.

पैवी बाहेर गेली आणि तिची आई सिर्का आत आली. हातात तपकिरी पाकीट होतं.

"आज आईंची सही घेणार आहे मी," सिर्का म्हणाली. "तू माझ्या बाजूने बोलशील, की नेहमीसारखी रंधा मारत बसशील?"

"रंधा नाही हा. कानस आहे."

"तेच ते. तुम्हा टोलोनेनांना अवजाराचं नाव चुकलेलं चालत नाही. माणूस दहा वर्षं बेपत्ता असलेला चालतो."

मार्ताने कानस खाली ठेवली. पाकिटात काय आहे ते तिला माहीत होतं. ओन्नीला मृत जाहीर करा, असा कोर्टाला अर्ज. कायद्याला म्हातारीच्या सहीची तशी गरज नव्हती. सिर्काला होती. सासूच्या सहीशिवाय आपण विधवा झालो तर ते चोरून झाल्यासारखं वाटेल, असं ती म्हणायची.

"रेइनोने परत लग्नाचं विचारलं का?"

"तो दुधाची गाडी चालवतो, मार्ता. नासायच्या आत पोचवायची सवय आहे त्याला. तरी तीन वर्षं थांबलाय बिचारा." सिर्का हसली, पण लगेच गंभीर झाली. "आणि नुसतं त्याच्यासाठी नाही गं. आज मृतांच्या आठवणीचा दिवस, संध्याकाळी सगळं गाव कबरींवर मेणबत्त्या लावेल. मी दरवर्षी परक्या कोणाच्या कबरीपाशी लावून येते. चौदा तारखेला रडायचं की आज, तेही मला कोणी सांगत नाही."

"कालेर्वो काय म्हणतो?"

"म्हणतो, घाई कसली. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हाच माझ्या मागे लागला होता, उरकून टाक, उरकून टाक. आता कागदाचं नाव काढलं की उठून जातो. तुझ्या थोरल्या भावाचं काय बिनसलंय ते तूच बघ बाई."

मार्ताने ते तेव्हा मनावर घेतलं नाही. बोलेन तुझ्या बाजूने, एवढं कबूल केलं आणि पुन्हा लाकडाकडे वळली. खरं तर तिलाही ती सही नको होती. ओन्नीची बंदूक टांगायची खुंटी तिने दहा वर्षं रिकामी ठेवली होती, आणि तिच्यावर चुकूनही काही टांगलं गेलं की तिला वाईट वाटायचं.

दोन भावांच्या बंदुका त्यांच्या बाबांनी, एमेलीने, एकाच वेळी बनवायला घेतल्या होत्या. एकाच पेटीतल्या दोन नळ्या, एकाच झाडाचे दोन दस्ते, आणि गोळी आत कोंबून ठोकणारे बोल्ट असे घासून बसवलेले की ह्याचा त्यात आणि त्याचा ह्यात बिनतक्रार जावा. डोळ्याला दिसणारा फरक ठेवला तो फक्त बोल्टमधल्या, गोळीवर आपटणाऱ्या पिनच्या टोकात. बावीसच्या गोळीला पिन मधोमध नाही, काठावर ठोकते, आणि ठोकल्याची खूण पितळेवर कायमची राहते. कालेर्वोची पिन बाबांनी चौकोनी घासली, ओन्नीची अर्धचंद्रासारखी. कारण पोरं खोटं बोलत होती. शाळेच्या घंटेला भोक पाडलं कोणी, तर तो म्हणे ह्याने आणि हा म्हणे त्याने. त्या दिवसापासून घरात वाद झाला की बाबा एवढंच म्हणायचे, पुंगळी दाखव. आणि पुंगळी ज्याची त्याने ती उचलायची, हा दुसरा नियम.

घरची दरवर्षीची नेमबाजी अकराला सुरू झाली. गोठ्याच्या मागे, पन्नास मीटरवर, फळ्यांच्या छपराखाली. पातळ बर्फ पडलेलं होतं आणि तळ्यावरून धुकं इतकं सावकाश येत होतं की कागदावरचं काळं वर्तुळ मधेच विरघळायचं आणि परत जमायचं. डावीकडून पैवी, मग सिर्का, मग मार्ता, मग कालेर्वो. त्याच्या उजव्या हाताला, सगळ्यांत शेवटी, एक रिकामी चटई आणि तिच्यासमोर एक कोरा कागद. ती ओन्नीची जागा. साइमी ती दरवर्षी स्वतः अंथरायची, आणि तिला कोणी काही म्हणत नसे.

"तू मधे ये ना," मार्ता कालेर्वोला म्हणाली. "तुझी जागा तिथे होती."

"डोळ्यावर उजेड येतो तिथे."

"धुक्यात कसला उजेड?"

"झोप गप," कालेर्वो म्हणाला आणि चटईवर आडवा झाला. बावन्न वर्षांचा, अंगाने आडवा, करवतीच्या गिरणीत आयुष्य घातलेला माणूस. गोळी झाडल्यावर तो बोल्ट सावकाश मागे घ्यायचा आणि पुंगळी उडू न देता तळहातात झेलायचा. ही त्याची नवी सवय होती. म्हातारपणाची टापटीप, असं मार्ता म्हणायची.

बावीसचा आवाज तो काय, सुकी फांदी मोडावी एवढा. पण त्या धुक्यात प्रत्येक आवाजानंतर जे शांत होत होतं ते मार्ताला आवडलं नाही. आपल्यापेक्षा एक माणूस जास्त श्वास रोखून पडला आहे, असं तिला दोनदा वाटलं. तिने उजवीकडे पाहिलं. कालेर्वोचा खांदा, आणि पलीकडे बर्फाचे कण पडलेली चटई.

निकाल लागला तेव्हा कालेर्वोचे शंभरात सत्त्याण्णव होते. तरुणपणी कधी ब्याण्णवच्या वर न गेलेला माणूस.

"काका, काय खातोस तू हल्ली?" पैवीने विचारलं.

"राय धान्याची भाकरी," तो म्हणाला. तो हसला नाही, कागदही त्याने दोन घड्या घालून खिशात टाकला.

मग प्रत्येकाने आपापल्या दहा पुंगळ्या साइमीच्या मांडीवरच्या पत्र्याच्या डब्यात टाकल्या. साइमी उठली, ओन्नीच्या चटईवरचं बर्फ हाताने झाडलं, चटई गुंडाळली आणि डबा घेऊन एकटीच घराकडे चालू लागली. शहात्तर वर्षांची बाई, पण त्या दिवशी ती इतकी भरभर चालत होती की पैवीला पळावं लागलं.

आणि टेबलावर चार रांगा आणि वर एक.

"कोणीतरी एक जास्त झाडली असेल," सिर्का म्हणाली. "मोजायचं सोडा. आई, मला तुमच्याशी बोलायचंय."

"गोळ्या मी मोजून दिल्या होत्या," साइमी म्हणाली. "चाळीस. मार्ता, बघितलीस ना ती? सांग की त्यांना."

मार्ताने पुंगळी पुन्हा उचलली. पितळ लखलखीत होतं. काठावर अर्धा चंद्र उमटला होता, नुकताच कोरल्यासारखा स्वच्छ.

"ओन्नीची आहे," ती म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

चुलीवर कॉफी उतू गेली आणि तिच्याकडे कोणी पाहिलं नाही.

"चटईवर होती," साइमी म्हणाली. "मधोमध, जिथे त्याचं कोपर टेकायचं तिथे. मी हात लावला तेव्हा कोमट होती."

"पुंगळी घडीभरात थंड होते, आई," कालेर्वो म्हणाला. तो दारापाशी उभा होता, अजून बूटही काढले नव्हते.

"मी कोमट म्हणाले ना."

"जुनी असेल. फळीच्या फटीत अडकलेली, निघाली वर."

"दहा वर्षं मी ती जागा झाडतेय. फटीत काय आहे ते मला शिकवू नकोस."

सिर्का टेबलापासून मागे सरकली. "तुम्हीच ठेवलीत ती," ती म्हणाली. "मी कागद आणणार हे तुम्हाला माहीत होतं. त्याची कुठलीतरी जुनी पुंगळी इतकी वर्षं जपून ठेवली असेल तुम्ही, घासून पुसून—"

"आई," पैवीने तिचा हात धरला.

"सोड. बोलू दे मला. दहा वर्षं या घरात मी ना बायको आहे ना विधवा. दरवर्षी ती चटई! आणि आज हे!"

साइमी रागावली नाही, आणि त्याचीच मार्ताला भीती वाटली. म्हातारी शांतपणे खुर्चीवर बसली आणि टेबलावर हात ठेवून म्हणाली, "सिर्का, तुझं चुकत नाही. पण जिवंत माणसाला मेला म्हणून मी सही करू का? तो आज आला होता. त्याने एक गोळी झाडली. आणि हे आजचं नाही. दर ऑक्टोबरात, दुपारच्या वेळी, मला दलदलीकडून आवाज येतात. तीन. मग थांबून परत तीन. तो हरवला त्या आठवड्यातही आले होते. मी तुला सांगितलं होतं, कालेर्वो. आठवतं?"

"बर्फ तडकतं डबक्यांवर," कालेर्वो म्हणाला.

"तेव्हाही तू हेच म्हणालास."

"आजी," पैवी अगदी हळू म्हणाली, "बाबांच्या कागदावर भोक नाहीये. मी बघून आले. कोरा आहे."

"मग हवेत झाडली असेल," साइमी म्हणाली. "हाक मारतात तशी."

कालेर्वो दार उघडून बाहेर गेला. दार त्याने लावलंही नाही, आणि थंडी सरळ टेबलापर्यंत आली.

मार्ता तिथेच उभी राहिली. भीती वाटत होती. पण तिचे हात एमेलीच्या पोरीचे होते आणि हातांना भीती कळत नव्हती. तिने ती पुंगळी नाकाशी नेली. ताज्या दारूचा वास. कोमट होती की नव्हती ते देव जाणे, पण झाडली गेली होती आजच. भूत असो की माणूस, अर्धचंद्राची पिन आज सकाळी त्या छपराखाली होती. आणि पिन असते बोल्टमध्ये, बोल्ट असतो बंदुकीत.

तिने रांगांकडे पाहिलं. पैवीच्या दहा, सिर्काच्या दहा, तिच्या स्वतःच्या दहा. चौथी रांग चौकोनी खुणांची, कालेर्वोची. त्यातली एक उचलून हुंगली. नुसता पितळेचा वास. दुसरी हुंगली. तिसरी. दहाच्या दहा जुन्या, मळकट, वर्षानुवर्षं खिशात किंवा खोक्यात पडून असलेल्या. पुंगळ्या उजवीकडे उडतात. कालेर्वोच्या उजवीकडे फक्त एक चटई होती, आणि ती जागा त्याने आपणहून घेतली होती.

"काय झालं?" सिर्काने विचारलं.

"काही नाही. तुम्ही कॉफी घ्या," मार्ता म्हणाली आणि पुंगळी मुठीत घेऊन बाहेर पडली.

कालेर्वो कामाच्या खोलीत होता. बंदूक बाकावर आडवी आणि तो तिच्यापुढे उभा, कोणाला तरी आत येऊ द्यायचं नाही अशा बेताने.

"नळी पुसायला आलोय," तो म्हणाला.

"सर बाजूला."

"मार्ता, जाऊ दे."

"तू सरतोस की मी आईला इथे बोलावू?"

तो सरला. मार्ताने बोल्ट बाहेर काढला आणि खिडकीपाशी नेला. पिनचं अर्धचंद्री टोक तिने पाहायच्या आधीच बोटाला लागलं. ओन्नीचा हा बोल्ट बाबांनी नंतर एका अख्ख्या हिवाळ्यात हलका केला होता, कण-कण घासून. असा दुसरा त्यांच्या हातून झाला नाही, आणि कालेर्वोला तो लहानपणापासून हवा होता.

"कुठे आहे ओन्नी?" तिने विचारलं.

कालेर्वो बाकावर बसला.

"हाउकी दलदलीतल्या बेटावर," तो म्हणाला. "पाइनची सात झाडं आहेत तिथे. दोन वर्षांपूर्वी, ऑगस्टात, पिवळी बोरं खुडायला गेलो होतो. उन्हाळा कोरडा होता, पहिल्यांदाच पाय टाकायचा धीर झाला. उन्मळलेल्या झाडाच्या मुळांत पाय अडकलेला होता. हाड मोडलेलं. बंदूक गंजून गेली होती. बोल्ट तेवढा काढून, तेलाच्या फडक्यात गुंडाळून, तंबाखूच्या डबीत घालून छातीशी ठेवला होता त्याने. बाबा सांगायचे तसा."

"आणि तू तो काढून घेतलास."

"मी ओन्नीवर दगड रचले, शेवाळ घातलं. मग डबी उघडली. गंजाचा ठिपका नव्हता गं त्याच्यावर. हा सोडून जायचा? पाण्यात? तू असतीस तर सोडला असतास?"

मार्ताला उत्तर माहीत होतं, आणि त्याचा तिला फार राग आला. नसता सोडला. घरातल्या कोणीच नसता सोडला.

"मग घरी येऊन सांगायचं होतंस. सापडला म्हणून. दोन वर्षं, कालेर्वो! सिर्का त्या कागदासाठी दारोदार हिंडते, आई चटया अंथरते—"

"त्याच्याजवळ पुंगळ्या होत्या," कालेर्वो म्हणाला. "तेहेतीस. तीन-तीनचे ढीग लावलेले, नीट, मुळाच्या कडेने. अकरा ढीग."

तीन गोळ्या म्हणजे मदतीची हाक, हे तिकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मार्ताने बाकाची कड धरली.

"दलदलीचा तो पट्टा शोधायचं काम कोणाकडे होतं?" असं तिने विचारलं, पण विचारतानाच तिला आठवलं. फौजदाराने नकाशावर पेन्सिलीने पट्टे आखले होते आणि प्रत्येकाने रात्री येऊन आपल्या पट्ट्यावर फुली मारली होती.

"मी गेलोच नाही आत," कालेर्वो म्हणाला. "रविवार होता. असंच धुकं. काठावरच्या गवताच्या कोठीपर्यंत गेलो आणि पाय पुढे पडेना. नऊ वर्षांचा असताना तिथेच कमरेपर्यंत रुतलो होतो मी. ओन्नीने ओढून काढलं होतं, सहा वर्षांचं पोर, कमरेचा पट्टा टाकून. मी कोठीत बसलो. बाटली होती. दोन वाजता तीन आवाज आले. मग परत तीन."

"तुला वाटलं असेल शोधणाऱ्यांपैकीच कोणी—"

"नाही." त्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "ते म्हणायला मला दहा वर्षं मिळाली. मला कळलं होतं, मार्ता. त्याच्या बंदुकीचा आवाज मला कळणार नाही? मी म्हटलं, एवढी माणसं आहेत, दुसरं कोणीतरी ऐकेल. अंधार पडेस्तोवर बसलो, आणि येऊन फुली मारली. दुसऱ्या दिवशी काठावर जाऊन हाका मारल्या. गळा फाटेस्तोवर. काही आलं नाही."

बाहेर कोणीतरी लाकडं फोडत असल्यासारखा आवाज झाला आणि दोघंही दचकली. काही नव्हतं. छपरावरून बर्फ घसरलं होतं.

"त्या कोठीपासून आपलं घर चार किलोमीटर आहे," मार्ता म्हणाली. "आईला ते ऐकू येणं शक्यच नाही."

"माहीत आहे. ती मला तेव्हा म्हणाली, तीन आवाज आले. तेव्हापासून मी तिच्या डोळ्याला डोळा दिलेला नाही."

मार्ताने बोल्ट त्याच्या हातात ठेवला आणि त्यावर ती पुंगळी. "चल."

"तू सांग. तू नीट सांगशील."

"मी सांगणार नाही. पुंगळी ज्याची त्याने उचलायची."

तो टेबलापाशी उभा राहून बोलला. जेवढं मार्ताला सांगितलं तेवढंच, त्याहून कमी शब्दांत. बोल्ट रांगांच्या मधे पडला होता. आईने मधेच विचारलं, "कुठला पाय?"

"डावा."

"कोट होता अंगावर?"

"होता. तू विणलेली टोपीपण."

साइमीने मान हलवली. तो बोलायचा थांबल्यावरही ती ऐकत असल्यासारखी बसून राहिली. सिर्का खिडकीकडे तोंड करून उभी होती, ओठांवर मूठ दाबून. पैवीच तेवढी कालेर्वोकडे पाहत होती.

"तू बाबांच्या बोल्टने सत्त्याण्णव मारलेस, काका," ती म्हणाली. "आणि मी विचारलं, काय खातोस."

"पोलिसांना फोन करते," सिर्का म्हणाली. "उजेड आहे अजून तासभर."

"कर," साइमी म्हणाली. "पण आधी तुझा तो कागद आण."

"आता कशाला, आई? सापडला तो. आता त्या कागदाचं काही काम नाही."

"असू दे. आण."

सिर्काने पाकीट आणून दिलं. साइमीने पुंगळ्या हाताने बाजूला सारल्या, कागद टेबलावर सपाट केला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत वाचू लागली. नाव. जन्मतारीख. व्यवसाय. बोट एका ओळीवर थांबलं. छापलेलं होतं, बेपत्ता व्यक्ती जिवंत असल्याचे शेवटचे केव्हा व कोणास माहीत होते. पुढे सिर्काचं गोलसर अक्षर. शुक्रवार, चौदा ऑक्टोबर, पत्नीस.

साइमीने पेन घेतलं आणि त्या अक्षरांवरून एक सरळ रेघ ओढली. मग कागद फिरवून कालेर्वोच्या पुढे सरकवला.

"लिही," ती म्हणाली. "मला दिसत नाही."

तिचा चष्मा तिच्या नाकावरच होता.

कालेर्वो खाली बसला. पेन त्याच्या बोटांत मावत नसल्यासारखं दोनदा घसरलं. त्याने लिहिलं, रविवार, सोळा ऑक्टोबर, दुपारी दोन वाजता. आणि थांबला.

"अर्धंच झालं," आई म्हणाली. "कोणास, ते राहिलं."

मार्ताला वाटलं, तो उठून जाईल. तो उठला नाही. त्याने वाकून, शाळेतल्या पोरासारखं जोर देऊन, एक शब्द लिहिला, भावास. साइमीने तो वाचला, कागद आपल्याकडे ओढला आणि खाली सही केली.